उतारवयातलं डिप्रेशन: मेंदूत नेमकं काय होतं?

निशिगंध

साठी-पासष्टीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन आणि तरुणपणी येणारं डिप्रेशन हा एकच आजार आहे का, यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतेय. वडिलांच्या आजारपणात या विषयावर मिळेल ते वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते. म्हातारं माणूस मिटून जायला लागलं की 'वय झालं, चालायचंच' हे जे वाक्य येतं, त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ते एकदा बोललं गेलं की कोणी रक्त तपासत नाही, चालू गोळ्यांची यादी बघत नाही, काहीच करत नाही.

वय वाढेल तसं डिप्रेशन वाढतं हा समज मुळात चुकीचा आहे. आपापल्या घरी राहणाऱ्या, बऱ्यापैकी धडधाकट ज्येष्ठांमध्ये तीव्र नैराश्याचं प्रमाण तरुणांपेक्षा कमीच आढळतं. ते वाढतं रुग्णालयात, वृद्धाश्रमात, आणि हृदयविकार, पक्षाघात, पार्किन्सन्स अशा आजारांनंतर. म्हणजे वर्षांच्या आकड्यापेक्षा शरीरात काय बिघडलंय त्याच्याशी त्याचा संबंध जास्त.

दुसरं, ते पटकन ओळखू येत नाही. वडील एकदाही रडले नाहीत. 'उदास वाटतंय का?' विचारलं की 'नाही' म्हणायचे, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. तक्रारी सगळ्या शरीराच्या: पोट जड, पाय दुखतात, पहाटे तीनला जाग येते, जेवण नको. वर्तमानपत्र मांडीवर उघडं असायचं, पण पान तेच. शर्टाची दोन बटणं लावून तसेच बसून राहायचे. 'बाबा, तिसरं लावा' म्हटलं की लावायचे. हात नीट चालत होते, सांगितलेलं समजत होतं, पण पुढची हालचाल आपणहून सुरू होत नव्हती.

या बटणाच्या गोष्टीचं उत्तर मला 'व्हॅस्क्युलर डिप्रेशन' या कल्पनेत सापडलं. जॉर्ज अलेक्सोपोलस आणि रंगा कृष्णन यांच्या गटांनी १९९७ साली ती स्वतंत्रपणे मांडली. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांनी मेंदूच्या आतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. त्यांच्यावर जगणाऱ्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना, रक्त कमी पडतं. एमआरआयमध्ये तिथे पांढरे ठिपके दिसतात. गावं शाबूत आहेत पण मधले रस्ते खचलेत, अशी ती अवस्था. त्यातले मोलाचे तंतू कपाळामागच्या भागापासून खोलवरच्या स्ट्रायटमपर्यंत जाणारे. काम ठरवणं, सुरू करणं, एकातून दुसऱ्याकडे वळणं हे सगळं त्या मंडलावर चालतं. ते तुटक झालं की माणूस 'करत नाही' असं बाहेरून दिसतं. त्याला आळस किंवा हट्ट म्हणणं मला तरी आता अन्याय वाटतो.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

कोरा_कागद

चांगला विषय. पण थोडा विरोधी सूर लावतो. त्या वयात जोडीदार जातो, बरोबरीचे एकेक करत जातात, काम सुटतं, घरातला शब्द चालेनासा होतो. यावर माणूस खचला तर त्यात मेंदूचे ठिपके कशाला शोधायचे? दुःखाचं कारण समोर दिसत असताना त्याला आजार म्हणणं मला पटत नाही.

रेवा

वाचतेय. सासूबाईंच्या बाबतीत अगदी असंच चालू आहे, सविस्तर रात्री लिहिते.

जीवनरेखा

मी ज्येष्ठांच्या मानसिक आजारांवर काम करते, म्हणून थोडं लिहिते. इथे कोणा एका रुग्णावर सल्ला देता येणार नाही, तो समोर बसूनच द्यावा लागतो.

कोरा_कागद, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण 'कारण आहे' आणि 'आजार आहे' या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. घसरून पडण्याचं कारण माहीत असलं तरी हाड मोडलेलंच असतं. शोक आणि नैराश्य यांत फरकही करता येतो. शोकात दुःख उसळून येतं आणि ओसरतं. गेलेल्या माणसाची एखादी आठवण निघाली की डोळ्यांत पाणी असतानाही चेहरा उजळतो. नैराश्यात ते उजळणं बंद होतं. नातवंडं आली काय आणि गेली काय, चेहरा तोच. 'मी सगळ्यांना ओझं झालोय' हे वाक्य परत परत येतं. भूक, झोप, वजन, चालण्याचा वेग सगळं खाली येतं.

आणि परिस्थिती शरीरात उतरते ती जीवशास्त्राच्याच वाटेने. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. काम झालं की ते कमी करायला सांगणाऱ्या मेंदूच्या भागांमध्ये आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस मुख्य. गोम अशी की कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिलं तर ते हिप्पोकॅम्पसच्याच पेशींना जड जातं. तो भाग दुबळा झाला की नियंत्रण सुटतं, कॉर्टिसॉल आणखी वाढतं. वारंवार नैराश्याचे झटके येऊन गेलेल्यांमध्ये हिप्पोकॅम्पसचं आकारमान कमी असल्याचं इव्हेट शेलाइन यांनी १९९६ साली दाखवलं, आणि नंतर ते पुष्कळ ठिकाणी दिसलं. वयामुळे हे नियंत्रण आधीच सैल झालेलं असतं. त्यामुळे तोच धक्का चाळिशीत पचतो, पंचाहत्तरीत पचत नाही.

निशिगंध, ठिपक्यांबद्दल एक खबरदारी. साठीनंतर ते अगदी आनंदी, खुटखुटीत माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडतात. एमआरआय बघून नैराश्याचं निदान होत नाही. ठिपके किती आहेत आणि कुठे आहेत याला महत्त्व आहे. बटणाचं तुम्ही लिहिलंत ते निरीक्षण मात्र फार मोलाचं. योजना करणं आणि सुरुवात करणं यांत अडचण असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांचा गुण उशिरा येतो किंवा कमी येतो असं अनेक अभ्यासांत दिसलंय. अशांच्या बाबतीत एका वेळी एक छोटी अडचण घेऊन ती पायरीपायरीने सोडवण्याची जी समुपदेशन पद्धत आहे, ती चांगली उपयोगी पडते.

क्ष_किरण

जीवशास्त्र शिकवतो, त्या बाजूने लिहितो.

'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. याचा उगम १९५० च्या दशकातला. क्षयरोगावरच्या इप्रोनायझिड या औषधाने रुग्ण उल्हसित होतात असं दिसलं. ते औषध सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन या मेंदूपेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनांचं विघटन रोखतं. उलट रक्तदाबावरचं रेसर्पिन हीच द्रव्यं रिकामी करायचं आणि काही रुग्ण खचायचे. दोन्ही जोडून सिद्धान्त उभा राहिला. पण २०२२ साली जोअ‍ॅना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा मिळाला नाही.

यावरून 'गोळ्या निरुपयोगी' असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. गोळी घेतल्यावर काही तासांतच सेरोटोनिनचं गणित बदलतं, पण माणसाला बरं वाटायला आठवडे जातात. मधल्या काळात पेशींमधले जोड नव्याने घडत असावेत असं मानलं जातं, त्यात बीडीएनएफ नावाचं प्रथिन पुढे असतं. म्हाताऱ्या मेंदूत ही घडण मंद असते. त्यामुळे 'महिना झाला, काही फरक नाही' म्हणून गोळी बंद करणं हे ज्येष्ठांच्या बाबतीत फार लवकर होतं.

मला स्वतःला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते ती दाहाची, म्हणजे इन्फ्लमेशनची बाजू. आपल्याला ताप आला की काय होतं ते आठवा: कोणाशी बोलावंसं वाटत नाही, खावंसं वाटत नाही, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. ते जंतू करत नाहीत, आपलीच प्रतिकारशक्ती इंटरल्युकिन-६ सारखे निरोप्ये मेंदूकडे धाडते आणि मेंदू शरीराला बसवून ठेवतो. आता वय वाढेल तसा अंगात एक मंद दाह कायमचा राहू लागतो. क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली याकडे लक्ष वेधलं. हिरड्यांचे आजार, पोटाभोवतीची चरबी, जीर्ण पेशी, सगळ्यांची त्यात भर. म्हणजे ताप नसताना तापातलं वागणं.

हा नुसता तर्क नाही. हिपॅटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. ते प्रतिकारशक्तीचंच द्रव्य. त्या उपचारात साधारण चौघांत एकाला नैराश्य यायचं, आधी मनाची काहीही तक्रार नसलेल्यांनाही. यातली एक रासायनिक वाट बरीच उलगडलेली आहे. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन दाहाच्या काळात दुसऱ्या वाटेला, कायनुरेनिन नावाच्या द्रव्याकडे वळवलं जातं. तिथून पुढे क्विनोलिनिक आम्ल तयार होतं आणि ते चेतापेशींना अतिउत्तेजित करून इजा करू शकतं.

दाह कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन डिप्रेशन बरं करता येईल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. त्याचे निष्कर्ष आजवर संमिश्र आहेत, आणि या वयात त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मनाने सुरू करू नयेत.

जुनाजाणता

माझं वय चौऱ्याहत्तर. इथे सगळे घरच्या ज्येष्ठांबद्दल लिहिताय, मी आतल्या बाजूने लिहितो.

मला पक्षाघात झाला. सौम्य होता, उजवा हात महिन्याभरात परत आला. सगळ्यांना वाटलं सुटलो. त्यानंतर काही आठवड्यांनी हे सुरू झालं. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. सकाळी आरशासमोर उभा राहायचो, दाढीचा ब्रश हातात, फेस गालावर, आणि पुढे काय करायचं ते माहीत असूनही हात उचलला जायचा नाही. फेस वाळायचा. आतून ओरडत असायचो की उचल, आणि बाहेर काहीच नाही. घरातले म्हणायचे, 'हात तर बरा झालाय, मनावर घ्या.' मनावर घ्यायला जे लागतं तेच बिघडलं होतं, हे त्यांना सांगायला शब्द नव्हते.

पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी कोणी सांगितलं असतं तर घरच्यांनी वाट पाहिली नसती. ज्यांच्या घरी पक्षाघात झालाय त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही तसंच, आणि तिथे नैराश्य असलेल्यांना पुढे दगावण्याचा धोकाही जास्त असतो.

आता बरा आहे. औषध चालू आहे, रोज चालतो.

निशिगंध

जुनाजाणता काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'मनावर घ्यायला जे लागतं तेच बिघडलं होतं' हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण बराच वेळ हलवली.

रेवा

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. गेल्या काही महिन्यांपासून विसरायला लागल्यात. काल काय झालं विचारलं की 'मला नाही माहीत, मला काही आठवत नाही, माझं डोकं गेलं' एवढंच. घरात सगळ्यांनी अल्झायमर्स धरून चाललंय. पण त्याआधी त्यांचं जेवण कमी झालं होतं, बोलणं बंद झालं होतं. हे डिप्रेशन असू शकतं का?

जीवनरेखा

असू शकतं, आणि तपासल्याशिवाय कोणीही अल्झायमर्सचा शिक्का मारू नये. नैराश्यामुळे डिमेन्शियासारखं, म्हणजे स्मृतिभ्रंशासारखं चित्र उभं राहतं, याचं सविस्तर वर्णन मानसोपचारतज्ज्ञ किलोह यांनी १९६१ साली केलं. काही खुणा बघता येतात. नैराश्यात बदल आठवड्या-महिन्यांत घडतो, घरच्यांना साधारण कधीपासून ते सांगता येतं. रुग्ण स्वतःच विसरण्याची तक्रार करतो आणि प्रयत्न न करताच 'माहीत नाही' म्हणतो. अल्झायमर्समध्ये सुरुवात कधी झाली ते कळतच नाही, रुग्ण विसरणं झाकतो, उत्तर देतो पण चुकीचं. नैराश्यात थोडी खूण दिली, पहिलं अक्षर सांगितलं, तर आठवण बऱ्याचदा परत येते. म्हणजे नोंद झालेली असते, बाहेर काढायला अडचण असते. अल्झायमर्समध्ये नोंदच होत नाही.

पण ही सीमारेषा वाटते तेवढी स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. औषधाने स्मरणशक्ती सुधारलेल्या काही जणांना पुढे काही वर्षांनी खरोखरचा डिमेन्शिया होतो. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य हे कधी कधी अल्झायमर्स किंवा पार्किन्सन्सची नांदी असतं. पार्किन्सन्समध्ये तर हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी मन मंदावू शकतं, कारण डोपामिन बनवणाऱ्या पेशींबरोबर नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या आणि सेरोटोनिनच्या पेशीही झडत असतात. म्हणून बरं वाटल्यावरही स्मरणशक्तीची तपासणी अधूनमधून होत राहावी.

चातक

तपासण्या कोणत्या करायच्या ते कोणी लिहील का? आमच्याकडे सरळ ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

जीवनरेखा

थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२, फोलेट, हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंड आणि यकृत, कॅल्शियम, सोडियम. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्यात गेल्यासारखा दिसतो. बी१२ची कमतरता या वयात सर्रास असते, जठरातलं आम्ल कमी झाल्याने ते अन्नातून नीट सुटतच नाही, शिवाय मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं तरी कमी होतं. रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते हाडांसाठी जरूर भरून काढा. मात्र नैराश्य टाळायला म्हणून त्याचा उपयोग दिसलेला नाही. पन्नाशीपुढच्या अठरा हजारांवर लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा नकली गोळी देऊन पाहिली गेली. २०२० साली निष्कर्ष आले, दोन्ही गटांत फरक नव्हता.

तपासणीइतकीच महत्त्वाची गोळ्यांची पिशवी. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली प्रत्येक गोळी, थेंब, मलम उचलून न्या. स्टेरॉइड्स मन बिघडवतात. झोपेच्या, चक्करेच्या, वारंवार लघवी होण्यावरच्या, अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्या अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या रसायनाला अडवतात. एकेक गोळी फार करत नाही, पण तीन-चार एकत्र आल्या की ज्येष्ठ माणूस मंद आणि गोंधळलेला होतो. ऐकू कमी येतंय का तेही तपासा. ऐकू न येणारा माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो आणि घरच्यांना ते एकलकोंडेपण वाटतं.

चातक

ही गोळ्यांची पिशवी कोणी कधी बघितलीच नाही आमच्याकडे. आत्ताच बाहेर काढली, अकरा प्रकार निघाले.

कोरा_कागद

माझं मत बरंच बदललंय, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एक प्रश्न मात्र आहे. ओळखीतल्या एका आजींना डॉक्टरांनी विजेचे झटके सुचवलेत. ऐंशीच्या घरातल्या बाईला असं काही करणं योग्य आहे का? घरच्यांची झोप उडालीय.

जीवनरेखा

घरच्यांची भीती मी समजू शकते. आता हा उपचार भूल देऊन, स्नायू शिथिल करून करतात. रुग्णाला झटका जाणवत नाही. आणि गंमत नव्हे, खरोखर लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की वय जास्त असलेल्यांना याचा गुण तरुणांपेक्षा अधिक चांगला येतो. ज्या ज्येष्ठांनी खाणंपिणं सोडलंय, जे भ्रमात गेलेत, त्यांच्यासाठी आठवडेच्या आठवडे गोळीची वाट बघत बसणं जास्त धोक्याचं असतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या २४० रुग्णांवर हा उपचार केला, सोबत व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, आणि सुमारे ६२ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. इतक्या तीव्र आजारात हा आकडा मोठा आहे. त्या काळात काही आठवणी धूसर होतात, बहुतेकदा उपचारांच्या आसपासच्या. हृदयाची तपासणी आधी व्हायला हवी. डॉक्टरांना याबद्दल मोकळेपणाने विचारायला सांगा.

जुनाजाणता

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती मी लिहितो. 'आता पुरे झालं, देवाने न्यावं' असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा घरचे 'असं बोलू नये' म्हणून विषय बंद करतात. बंद करू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' मला माझ्या मुलीने असं विचारलं होतं. मला राग आला नाही, सुटल्यासारखं वाटलं.

जीवनरेखा

काकांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत खोटी आहे. जगात बहुतेक ठिकाणी आत्महत्येचं प्रमाण सत्तरीपुढे सर्वाधिक आहे, आणि ज्येष्ठ माणसं आधी बोलून दाखवण्याची शक्यता कमी असते. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, माणसाला एकटं सोडू नका.

रेवा

सासूबाईंना काल दाखवलं. पंधरा प्रश्नांची हो-नाहीची चाचणी घेतली. त्यात झोपेचा, भुकेचा, दुखण्याचा एकही प्रश्न नव्हता याचं आश्चर्य वाटलं. एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलंय, अगदी कमी मात्रेत. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी आधीपासून आहे. दोन प्रश्न: मात्रा इतकी कमी का, आणि हे किती दिवस चालणार?

जीवनरेखा

ते प्रश्न मुद्दामच वगळलेत. दुखणं आणि झोपमोड या वयात नैराश्य नसतानाही असते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

मात्रा कमी कारण यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात, आणि जास्त मात्रेत हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम होऊ शकतो. तुमच्या बाबतीत मला सोडियमची काळजी वाटते. या गटातली औषधं शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक वाढवू शकतात, सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, बाई असेल, वजन कमी असेल तर सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच होतं. गोंधळ, मळमळ, अचानक सुस्ती, तोल जाणं दिसलं तर 'डिप्रेशन वाढलं' असं समजू नका, सोडियम तपासा. लक्षण नसलं तरी दोनेक आठवड्यांनी एकदा तपासायला डॉक्टरांना विचारा. रात्री उठताना आधी काठावर बसू द्या, पडण्याचा धोकाही या गोळ्यांनी वाढतो.

किती दिवस? गुण यायला आठ ते बारा आठवडे धरा. बरं वाटल्यानंतरही, नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर सहसा वर्षभर तरी चालू ठेवतात. सत्तरीपुढच्यांवरचा २००६ सालचा एक अभ्यास आहे. बरे झालेल्यांपैकी काहींना पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध चालू ठेवलं, काहींना नकली गोळी दिली. दोन वर्षांत औषध चालू असलेल्यांपैकी तिघांत साधारण एकाला आजार उलटला, नकली गोळीवाल्यांत दहांपैकी सहा-सात जणांना. त्यामुळे बंद करायचं ठरलं तरी डॉक्टरांनीच, हळूहळू मात्रा उतरवत. पुढच्या भेटीला जाताना रक्तदाबाच्या गोळीचं नाव लिहून न्या.